लॅपटॉपच्या जाहिरातीतली ओळ कशी वाचावी: आद्याक्षरांचा उलगडा, पायरीपायरीने

महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी चालू आहे. हा कोर्स केलेल्या कोणालाही रॅमचा फुलफॉर्म विचारा, 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरी' हे उत्तर लगेच येईल. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही अशा फुलफॉर्मच्या याद्या पानोपानी असतात. पण हाच माणूस मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेला आणि दुकानदाराने "आठ-पाचशेबारा देऊ की सोळा-पाचशेबारा?" (म्हणजे ८ की १६ जीबी रॅम, सोबत ५१२ जीबीची डिस्क) असं विचारलं, की पाठ केलेली यादी कामाला येत नाही. फुलफॉर्म कळला म्हणजे वस्तू कळली असं नसतं. आद्याक्षरं कुठल्या प्रश्नाचं उत्तर देताहेत हे कळायला हवं. काही अक्षरं 'किती' ते सांगतात, काही 'कोणत्या जातीचं', काही 'कोणत्या वाटेने' आणि काही नुसता आकार सांगतात. या चार गोष्टींची गल्लत झाली की जुना माल नव्याच्या भावात गळ्यात पडतो.

ऑनलाइन दुकानांत दिसते तशी एक नमुन्याची ओळ घेऊ:

कोअर आय५-१२३५यू / ८ जीबी डीडीआर४ / ५१२ जीबी एसएसडी / १५.६ इंच एफएचडी, २५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी / विन ११ / एमएसओ / ६५ वॅट

ओळ लहान आहे, पण तिच्यात बरंच काही सांगितलंय आणि त्याहून जास्त गाळलंय.

पायरी १: आधी मापं वेगळी काढा

जीबी, टीबी, वॅट, निट्स, हर्ट्झ ही मापं आहेत. जीबी म्हणजे गिगाबाइट, टीबी म्हणजे टेराबाइट. इथे पहिला घोळ असा, की ५१२ जीबीचा लॅपटॉप घरी आणून उघडला की विंडोज ४७६ जीबीच दाखवतं. लोक दुकानदाराशी भांडायला जातात, पण यात फसवणूक नसते. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणजे त्याचा एक जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. भागाकार करून बघा, ४७६ च येतात. याच हिशेबाने १ टीबीचे ९३१ जीबी दिसतात. ही दोन मापं वेगळी ओळखता यावीत म्हणून १९९८ मध्ये दुसऱ्या मापाला 'गिबिबाइट' हे नाव दिलं गेलं, पण विंडोजने ते कधी वापरलं नाही.

दुसरा घोळ बिट आणि बाइटचा. एक बाइट म्हणजे आठ बिट. इंटरनेटवाला १०० एमबीपीएस म्हणतो तेव्हा ते मेगाबिट असतात, इंग्रजीत छोट्या बी अक्षराचे. फाइल उतरवताना पडद्यावर दिसतो तो वेग मेगाबाइटचा, मोठ्या बीचा. त्यामुळे १०० च्या कनेक्शनवर जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइटचा वेग दिसेल, आणि एक जीबीची फाइल उतरायला सगळं सुरळीत असतानाही सव्वा मिनिटाच्या वर वेळ लागेल. केबलवाल्याला फोन लावण्याआधी आठने भागून बघावं.

पायरी २: प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघा

सीपीयू म्हणजे सेंट्रल प्रोसेसिंग युनिट, म्हणजेच प्रोसेसर. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात आणि दुरुस्तीवालाही "सीपीयू घेऊन या" म्हणतो. तो डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू ही त्याच्या आतली तळहातात मावणारी चिप.

इंटेलच्या चिपमध्ये आय५ की आय७ यावर लोक फार अडून बसतात. त्याच्यापुढचा आकडा आणि शेवटचं अक्षर जास्त बोलकं असतं. १२३५यू मधला १२ म्हणजे बारावी पिढी. शेवटचा यू सांगतो की ही चिप कमी विजेवर चालणारी, पातळ लॅपटॉपसाठी बनवलेली आहे. तिथे एच असेल तर चिप जास्त वीज खाते आणि जास्त काम करते. एचएक्स त्याच्याही पुढची. १२३५यू ची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, तर त्याच पिढीतल्या १२४५०एच ची ४५ वॅट. दोन्ही आय५ च. टॅली, वर्ड आणि ऑनलाइन वर्ग एवढंच काम असेल तर यू पुरेसा आहे, आणि त्याची बॅटरीही जास्त टिकते. व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड किंवा मोठे प्रोग्रॅम चालवायचे असतील तर एच घ्यावा.

एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या चिपमध्ये तर खरी गोष्ट मधल्या आकड्यात दडलेली असते. रायझन ५ ७५२०यू हे नाव घ्या. सुरुवातीचा ७ बघून वाटतं की नवी, ७००० च्या मालिकेतली चिप. पण या मालिकेत रचना कोणती ते तिसरा आकडा सांगतो. तिथे २ असेल तर आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ साली बाजारात आलेली. ३ असेल तर झेन ३ किंवा तिची सुधारित आवृत्ती, ४ असेल तर झेन ४. म्हणून ७५२०यू आणि ७६४०यू ही नावं भावंडांसारखी दिसली तरी दोघांत दोन पिढ्यांचं अंतर आहे. कंपनीने हे लपवलेलं नाही, नाव वाचायची रीत तिनेच जाहीर केली होती. दुकानात ती कोणी सांगत नाही, एवढंच.

टीडीपी म्हणजे थर्मल डिझाइन पॉवर. चिपची उष्णता बाहेर काढायला किती वॅटची सोय हवी, त्याचा हा अंदाज आहे. तो विजेच्या बिलाचा आकडा समजू नका.

पायरी ३: रॅमला तीन प्रश्न विचारा

रॅम म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवायची मेमरी. ओळीत लिहिलंय '८ जीबी डीडीआर४'. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, आणि इथे फुलफॉर्मच खरोखर काहीतरी सांगतो. ही मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते. डीडीआर४-३२०० मध्ये प्रत्यक्ष घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचं असतं, आणि दुप्पट होऊन सेकंदाला ३२०० दशलक्ष फेऱ्या होतात. जाहिराती सरसकट '३२०० मेगाहर्ट्झ' छापतात, ते मनावर घेऊ नका. डीडीआर५ चं मानक २०२० मध्ये आलं आणि लॅपटॉपमध्ये ती ४८०० पासून पुढे मिळते. दोघींच्या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, त्यामुळे 'आत्ता डीडीआर४ घेऊ, पुढे बदलू' हा विचार सोडून द्या.

पहिला प्रश्न: रॅम सुटी आहे की ऑनबोर्ड? सुट्या पट्टीला एसओ-डीआयएमएम म्हणतात, बोलताना 'सो-डिम'. ती स्क्रू उघडून काढता-घालता येते. एलपीडीडीआर असं लिहिलं असेल, तर आधीचं एलपी म्हणजे लो पॉवर. ही मेमरी जवळजवळ नेहमी मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, डाग देऊन कायमची बसवलेली असते. बॅटरीच्या दृष्टीने ती चांगली, पण आठ जीबी घेतलीत तर लॅपटॉप जुना होईपर्यंत आठच.

दुसरा प्रश्न: रिकामा स्लॉट आहे का? 'अपग्रेडेबल' या शब्दावर विसंबू नका. स्लॉट किती, भरलेले किती, जास्तीत जास्त किती जीबी चालते, हे तिन्ही आकडे विचारून घ्या.

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: एक पट्टी की दोन? दोन पट्ट्या असतील तर माहितीला दोन वाटा मिळतात, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. आपल्या १२३५यू चिपमध्ये आयरिस एक्सई नावाचं ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्रं उमटवणारा भाग, आहे, पण ते त्या नावाने आणि पूर्ण ताकदीने चालायला ड्युअल चॅनल लागतं. एकच पट्टी असेल तर विंडोज त्याच चिपचं ग्राफिक्स 'यूएचडी' म्हणून दाखवतं. म्हणजे जाहिरातीत आयरिस एक्सई आणि खोक्यात एकच ८ जीबीची पट्टी असली, तर ऐकलेलं ग्राफिक्स तुम्हाला मिळणार नाही. आणखी एक ८ जीबीची पट्टी टाकली की मिळेल. माझ्या मते आज ८ जीबीवर थांबूच नये. पैसे कमी पडत असतील तर ते प्रोसेसरमध्ये वाचवा.

पायरी ४: डिस्कची जात, वाट आणि आकार

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच ओळीत कोंबलेली असतात.

जात: एचडीडी म्हणजे हार्ड डिस्क ड्राइव्ह, आत फिरणाऱ्या तबकड्या. एसएसडी म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, आत फक्त चिपा. तिसरी जात ईएमएमसी, अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबीची असते. ती बोर्डावर डाग दिलेली आणि चांगल्या एसएसडीच्या मानाने बरीच मंद असते. जाहिरातीत 'फ्लॅश स्टोरेज' असं मोघम लिहिलं असेल तर ईएमएमसीचा संशय घ्यावा.

वाट: साटा म्हणजे सीरियल एटीए. ही जुनी वाट हार्ड डिस्कसाठी आखलेली होती आणि तिच्यावरून सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटच्या वर काही जात नाही. नवी वाट पीसीआयई, म्हणजे पेरिफेरल कंपोनंट इंटरकनेक्ट एक्सप्रेस. या वाटेवर डिस्कशी बोलण्याच्या नियमांना एनव्हीएमई म्हणतात, नॉन-व्होलाटाइल मेमरी एक्सप्रेस. पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीत चार मार्गिकांवर साधारण ३,५०० मेगाबाइटचा वेग मिळतो, चौथ्या पिढीत ७,००० च्या आसपास. रोजच्या कामात तिसरी आणि चौथी यांतला फरक फारसा जाणवत नाही. हार्ड डिस्क सोडून एसएसडीवर आलात की मात्र पहिल्याच दिवशी जाणवतो.

आकार: एम.२ हा निव्वळ आकार आहे. च्युइंगगमच्या पाकिटाएवढी ती लांबट पट्टी. तिच्यावरचा २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. आता मेख अशी की एम.२ पट्टी साटाचीही असते आणि एनव्हीएमईचीही. एसटीच्या थांब्यावर साधी लालपरीही लागते आणि शिवनेरीही. थांबा बघून कुठली गाडी येणार ते कळत नाही. म्हणून 'एम.२ एसएसडी' वाचून खूश होऊ नका, 'एनव्हीएमई आहे ना?' हे विचाराच. आपल्या नमुन्याच्या ओळीत नुसतं '५१२ जीबी एसएसडी' आहे. बहुतेक ती एनव्हीएमई असेलही, पण लेखी घ्या.

सुटी एसएसडी विकत घेताना आणखी दोन शब्द भेटतात. टीएलसीमध्ये एका कप्प्यात तीन बिट साठवतात, क्यूएलसीमध्ये चार. क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठ्या फाइली सलग लिहिताना दमते आणि लवकर झिजते. टीबीडब्ल्यू म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहिले जाईपर्यंत कंपनी वॉरंटी देते तो आकडा. घरगुती वापरात बहुतेकांचा तो संपत नाही.

पायरी ५: पडदा, जिथे जाहिरात सगळ्यात चतुर असते

एफएचडी म्हणजे फुल एचडी, १९२० बाय १०८० ठिपके. डब्ल्यूयूएक्सजीए हे अगडबंब नाव दिसलं तर दचकू नका. ते १९२० बाय १२००, म्हणजे उंचीला जरा जास्त. लेखन आणि एक्सेलसाठी फार सोयीचं. नुसतं 'एचडी' असेल तर १३६६ बाय ७६८. ते आता घेऊ नये.

'एलईडी डिस्प्ले' या शब्दांतून काहीच कळत नाही. जवळपास सगळे साधे पडदे एलसीडी असतात आणि मागून एलईडीचा उजेड पाडलेला असतो. विचारायचं ते पॅनल कोणतं: टीएन, आयपीएस की ओएलईडी? टीएन पॅनलला बाजूने पाहिलं की रंग उलटेपालटे होतात. आयपीएसमध्ये तसं होत नाही. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो.

आता '४५ टक्के एनटीएससी'. एनटीएससी हे अमेरिकेच्या नॅशनल टेलिव्हिजन सिस्टिम कमिटीचं नाव. तिने १९५३ मध्ये रंगीत टीव्हीसाठी रंगांची जी कक्षा ठरवली, तिच्याशी अजून लॅपटॉपची तुलना होते. आज नेहमीच्या वापरातली कक्षा एसआरजीबी, आणि पूर्ण एसआरजीबी म्हणजे ७२ टक्के एनटीएससीच्या जवळपास. ४५ टक्के याचा अर्थ एसआरजीबीचे साधारण ६० ते ६५ टक्केच. लाल रंग विटकरी दिसतो. हिशेब लिहिणाऱ्याला फरक पडत नाही. लग्नाचे फोटो एडिट करणाऱ्याने हा लॅपटॉप घेऊ नये. २५० निट्स हा उजेडाचा आकडा घरातल्या खोलीत चालतो, उन्हाच्या खिडकीशी किंवा ओट्यावर बसून काम करणाऱ्याने ३०० च्या वरचा बघावा.

पायरी ६: जीपीयू आणि नवा पाहुणा एनपीयू

जीपीयू म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट. वेगळं कार्ड असेल तर दोन गोष्टी बघा: त्याची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, आणि टीजीपी, म्हणजे टोटल ग्राफिक्स पॉवर. आरटीएक्स ४०५० हे लॅपटॉपमधलं कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही चालवता येतं. नाव तेच, पण वॅट कमी तर खेळही संथ. हा आकडा तपशिलाच्या पानावर तळाशी कुठेतरी असतो, शोधून काढा.

एनपीयू म्हणजे न्यूरल प्रोसेसिंग युनिट, एआयच्या कामांसाठीचा वेगळा भाग. त्याची ताकद टॉप्समध्ये मोजतात, सेकंदाला किती लाख कोटी क्रिया होतात ते. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये 'कोपायलट प्लस' या शिक्क्यासाठी ४० टॉप्सचा एनपीयू आणि १६ जीबी रॅम ही किमान अट ठेवली. केवळ या शिक्क्यासाठी आज जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

पायरी ७: भोकं मोजू नका, वाचा

यूएसबीच्या नावांचा कंपन्यांनी पार विचका केला आहे. टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार. आतून जुनं यूएसबी २.० असू शकतं, वेग ४८० मेगाबिट. ३.२ जेन १ म्हणजे ५ गिगाबिट, जेन २ म्हणजे १०, आणि जेन २ बाय २ म्हणजे २०. त्यामुळे '३.२' हा आकडा एकटा निरुपयोगी आहे, त्यापुढचं 'जेन' वाचायचं.

टाइप-सी पोर्टबद्दल आणखी दोन गोष्टी विचारा. पीडी आहे का, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, त्यावरून लॅपटॉप चार्ज होईल का? आणि डीपी आहे का, म्हणजे डिस्प्लेपोर्ट, त्यावरून मॉनिटर चालेल का? एचडीएमआय १.४ असेल तर फोरके टीव्हीवर सेकंदाला ३० च चित्रं जातील आणि माउसचा बाण अडखळत फिरेल. २.० असेल तर ६०. लॅनची केबल लावायची तर आरजे-४५ पोर्ट हवा. पातळ लॅपटॉपमधून तो गायब झालाय.

पायरी ८: सॉफ्टवेअरची तीन अक्षरं

'विन ११' च्या जागी 'डॉस' असेल तर लॅपटॉप स्वस्त दिसतो, कारण त्यात विंडोज नाहीच. मूळ अर्थ डिस्क ऑपरेटिंग सिस्टिम, पण दुकानात डॉस म्हणजे 'विंडोज तुमचं तुम्ही बघा'. लिनक्स वापरणाऱ्याला हा सौदा उत्तम. बाकीच्यांनी विंडोजची किंमत मिळवून तुलना करावी. एमएसओ म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिस. ते कायमचं आहे की वर्षभराची वर्गणी, हे विचारा. लॅपटॉपसोबत येणारं विंडोज ओईएम प्रकारचं असतं, ओरिजिनल इक्विपमेंट मॅन्युफॅक्चररचं. ते त्या मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही.

जुना लॅपटॉप घेत असाल तर टीपीएम २.० बघा. ही सुरक्षेची सोय, म्हणजे ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मोड्यूल, नसेल तर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

पायरी ९: चार्जरचं लेबल

मूळ अ‍ॅडॉप्टर बिघडला की लोक पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन 'असाच द्या' म्हणतात. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही. लेबलवर दोन ओळी असतात. इनपुटपुढे नागमोडी रेघ, म्हणजे एसी, घरातली वीज. आउटपुटपुढे सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ, म्हणजे डीसी. जुन्या गोल पिनच्या चार्जरमध्ये आउटपुटचे व्होल्ट मूळच्याइतकेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नकोत. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट: २० व्होल्ट गुणिले ३.२५ अँपिअर, झाले ६५ वॅट. लेबलवर गोलांच्या चित्रात अधिक-उणे कुठल्या बाजूला आहे तेही जुळवा. पीडीवाल्या टाइप-सी चार्जरला ही झंझट नाही, तो व्होल्ट लॅपटॉपशी बोलून ठरवतो. तिथे फक्त वॅट पुरेसे आहेत का ते बघा.

लेबलवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह, मानक क्रमांक (बऱ्याच चार्जरवर आयएस १३२५२) आणि 'आर-' पुढे आठ आकडे दिसले पाहिजेत. लॅपटॉप आणि अ‍ॅडॉप्टरसाठी ही नोंदणी भारतात सक्तीची आहे. हा आर-क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. नाव भलतंच निघालं तर चार्जर परत करा.

पायरी १०: घरी आल्यावर पडताळणी

बिल फाइलला लावायच्या आधी लॅपटॉप सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स' मध्ये मेमरीवर गेलात की वेग, वापरलेले स्लॉट आणि फॉर्म फॅक्टर दिसतो. तिथे 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम डाग दिलेली आहे, दुकानदार काहीही म्हणो. डिस्कवर गेलात की विंडोज ११ मध्ये एसएसडीपुढे एनव्हीएमई आहे का तेही कळतं. जीपीयूवर आयरिस एक्सई दिसतंय की यूएचडी, तेही इथेच बघा.

बॅटरी राहिली. तिची क्षमता वॅट-अवरमध्ये असते, पॉवर बँकेची मिलिअँपिअर-अवरमध्ये. दुसरीला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की पहिली मिळते: २०,००० ची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-अवर. विमानात बिनपरवानगी नेता येते ती १०० वॅट-अवरपर्यंतची, म्हणूनच मोठ्या गेमिंग लॅपटॉपची बॅटरी बऱ्याचदा ९९.९ वर येऊन थांबलेली दिसते.

जुना लॅपटॉप घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' लिहून, एक जागा सोडून, पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' एका शब्दात टाइप करा. एक अहवाल तयार होतो. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० असेल तर बॅटरीचा चाळीस टक्के जीव गेलेला आहे. नव्या बॅटरीची किंमत विचारून घ्या आणि तेवढी रक्कम वजा करूनच भाव ठरवा.